हीटिंग, नवऱ्याचे बूट आणि जाड जम्पर

पोट लपवणाऱ्या बाईकडे किस्से फार भराभर साठतात. माझ्याकडे दोन महिन्यांत ढीग झाला!

मी परदेशात, चेरीवूडला एका आयटी कंपनीत आहे. लंचला आम्ही सहा मराठी बायका एकत्र बसतो. मागच्या वेळी मी तिसऱ्या महिन्यातच सगळ्यांना पेढे वाटले होते. पंधरा दिवसांत सगळं संपलं, आणि तेही मग एकेकीला सांगावं लागलं. म्हणून यावेळी पक्कं ठरवलं, विसाव्या आठवड्याचा स्कॅन नीट होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

शरीराला मात्र हे कोणी कळवलंच नव्हतं!

*

सतराव्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये नाकातून रक्त! बाहेर येऊन मिडवाइफला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "यू आर ग्रँड!" म्हणजे इथल्या बोलीत, काही झालेलं नाही तुला. "या दिवसांत रक्त वाढतं, नाक फुटतं कधीकधी."

लंचला मी ठोकून दिलं, "ऑफिसातल्या हीटिंगमुळे झालं गं."

जुलै महिना चालू होता.

*

एका सकाळी माझा नवरा नितीन ओरडला, "अगं, पोटावर पेन कसं लागलं?"

बेंबीखाली सरळ काळपट रेघ! त्याने ओल्या टिश्यूने पुसली, मी साबणाने घासली. जाईना. शेवटी पुन्हा मिडवाइफ. ही रेघ बऱ्याच जणींना येते आणि बाळंतपणानंतर फिकी होते म्हणे.

"पण इतकी सरळ?" नितीन म्हणाला. तो इंजिनिअर आहे.

*

मग पाय वाढले! बत्तिसाव्या वर्षी! एकही बूट चढेना, म्हणून नितीनचे घालून ऑफिसला गेले. वर पोट झाकायला जाड जम्पर, म्हणजे स्वेटर, होताच.

आमच्यातली शीतलताई सगळ्यांत मोठी, आणि मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. तिने बुटांकडे पाहिलं, जम्परकडे पाहिलं.

"छान आहेत," एवढंच म्हणाली आणि माझ्या ताटात अजून एक पोळी वाढली. मला वाटलं, सुटले!

*

स्कॅन नीट झाला. हृदयाचे चारही कप्पे दिसले, मी तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पेढे ठेवले. "पाचवा महिना चालू आहे," मी कसंबसं म्हटलं.

कोणीच दचकलं नाही! एकीने फक्त डोळे पुसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, जुलैत हीटिंग?" शीतलताई म्हणाली.

ती उठली. पॅन्ट्रीतलं प्रेस उघडलं, इथे कपाटाला सगळे प्रेसच म्हणतात. चहाच्या डब्यांमागून तिने पिवळ्या लोकरीचं एक टोपडं काढलं. विणायच्या सुया अजून त्यातच होत्या.

"तू सांगेपर्यंत शेवटची ओळ विणायची नाही, असं ठरलं होतं आमचं," ती म्हणाली. "सरक जरा, बसू दे."