दुसऱ्या पेल्यातला सब्जा

कुसुमच्या मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी मनीषनगरला लेकीकडे होते. "मावशी, आई गेली... शेजाऱ्यांनी दार तोडलं," एवढंच तो बोलू शकला. त्याच संध्याकाळी मी परतणार होते.

नागपूरच्या प्रताप नगरात कुसुमचं आणि माझं घर समोरासमोर. दोघीही एकट्या. रात्री ती दोन पेल्यांत सब्जा भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तिच्या कूलरसमोर बसून आम्ही सरबत प्यायचो. बाकी उन्हाळा कसाबसा जायचा.

कळमेश्वरची ही बाई दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. मागे एकदा संडासावाटे रक्त जात होतं, तर हिनं उष्णता ठरवून गुलकंद सुरू केला. नागपुरात उन्हाळ्यात काहीही झालं तरी ती उष्णताच असते, म्हणून मलाही पटलं असतं. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काहून सांगितलं नाहीस गं?" मी ओरडलेच.

"हे काय सांगाची गोष्ट हाय वं? पोराले तं बिलकुल सांगू नको."

मी तिला दवाखान्यात नेलं. तिथे आधी रक्त चढवलं. मग दुर्बिणीच्या तपासणीसाठी आतडं साफ व्हायला हवं, म्हणून औषधाचं खारट पाणी दिलं, पेल्यावर पेला. तिनं पेला बाजूला सारला. "मी एकटी नाही पीत. तू बी पी." मी साधं पाणी घेतलं आणि पेल्याला पेला लावत तिच्याबरोबर प्यायले. मग दोघींचीही बाथरूमकडे धावपळ! पेशंट नेमकी कोण, ते नर्सला कळेना. इतक्या हसलो आम्ही... मोठ्या आतड्यातली फुटलेली रक्तवाहिनी सापडली, आतच चिमटा लावून ती बंद केली. "पुन्हा लाल दिसलं तर वाट पाहायची नाही, थेट यायचं," असं डॉक्टरांनी बजावलं. हिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. पुढे झणझणीत सावजी रस्सा खाऊन माझ्याशी भांडण्याइतकी ती ठणठणीत झाली.

शेवटच्या फोनवर म्हणाली, "ऊन लय तापून राहिलं. तू कधी येशीन?"

"उद्या संध्याकाळी. का गं?"

"काही नाही. ये मंग, बोलू."

पुन्हा रक्त गेलं होतं, खूप गेलं होतं, हे नंतर कळलं. तिच्या ओट्यावर सब्जाचे दोन पेले झाकून ठेवलेले होते. ती मला सांगणार होती. फोनवर नाही, समोर बसून. एवढं कळतं, तरी मला तिचा राग येतो. माझ्याजवळ कसली लाज होती गं?

तिचा पेला मुलानं मला दिला. मी रात्री तिच्या आणि माझ्या, दोन्ही पेल्यांत सब्जा भिजत घालते. दुसऱ्या दिवशी ऊन कलतं, समोरचं दार बंदच असतं, आणि दोन्ही पेले मला एकटीला प्यावे लागतात.