तळ्याकाठच्या माणसांचा तंबू

परवा भोपाळच्या शाहपुऱ्यात, तळ्याजवळच्या आमच्या घरी गच्चीवर जुना तंबू उन्हात टाकला, तर त्याच्या घडीतून मूठभर वाळू सांडली आणि खारट, दमट वास आला. मी कॉलेजात असताना आम्ही भोपाळहून कोकणात गेलो होतो, समुद्रकाठी तंबूत राहायला. वाळूच्या टेकड्यांमागे सुरूचं बन होतं आणि बाकी सगळ्यांचे तंबू त्या बनात होते. बाबांनी मात्र आमचा तंबू थेट पाण्याजवळ ठोकला. तिथली व्यवस्था पाहणाऱ्या मावशी म्हणाल्या, "साहेब, वर या. आज संध्याकाळी पाणी चढेल." बाबा हसले. "आमचं आयुष्य तळ्याकाठी गेलंय, पाण्याची सवय आहे आम्हाला." आईने स्टोव्ह, शिधा आणि अंथरुणं गुपचूप वर सुरूखाली नेऊन ठेवली. ऊन उतरलं तशी एक लाट तंबूच्या दारापर्यंत आली आणि दुसरी, दाराशी काढलेल्या बाबांच्या चपला घेऊन गेली. आम्ही भराभर खुंट्या उपटल्या. बाबा, ताई आणि मी एकेक कोपरा धरला, चौथा मावशींनी, आणि हसत, धडपडत टेकडी चढलो. वर सुरूच्या वाळक्या पानांवर आईने चटई अंथरली होती, खिचडी शिजत आली होती. "बसा, गरम आहे," एवढंच ती म्हणाली. तशी खिचडी मी पुन्हा खाल्ली नाही. बाबा आता रोज संध्याकाळी आमच्या तळ्यावर जातात. ते पाणी कधी जागचं हलत नाही, तरी ते काठापासून लांबच्या बाकावर बसतात, आणि चपला पायातून काढत नाहीत.