झेलिंदाची न पेटलेली भट्टी

झेलिंदा विधवा झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, ती डोंगर सोडून खाली गावात भावाकडे जाईल. ती गेली नाही. नवऱ्याच्या कुऱ्हाडीचा दांडा आपल्या हाताला बेताचा कापून घेतला आणि कोळसा पाडायला लागली. मी तिचा धाकटा दीर. इटलीत पिस्तोयाच्या वरच्या जंगलात आमच्या भट्ट्या शेजारी शेजारी असत. तिच्यासारखी रचाई कुणाची नव्हती. ओंडके उभे, एकाला एक टेकलेले, मधोमध धुराड्याची पोकळी, वर ओला पाला, त्यावर माती. तिच्या मातीला भेग दिसायची नाही.

युद्ध चालू होतं, एकोणीसशे चव्वेचाळीसच्या वसंतात गावातल्या बायकांनी दोन मुलं तिच्याकडे वर आणली. ब्लांका आणि तिचा लहान भाऊ आव्राम. सारायेव्होहून पळून आलेली ज्यू मुलं. आईबापांना जर्मनांनी धरून नेलेलं. ती तोवर गावात या घरातून त्या घरात लपत होती, पण आता घरोघर झडती सुरू झाली होती. झेलिंदाने फक्त एवढंच विचारलं, की खातात काय. मग त्यांची तोंडं कोळशाने माखली. माखल्यावर ती आमचीच दिसायची. तोंड उघडलं की मात्र बोली वेगळी कळायची.

म्हणून तिने कडेला एक भट्टी आतून पोकळ रचली. मागचे दोन ओंडके सैल ठेवले, आत शिरायला. मी तिला म्हटलं, ही अर्धवटच राहू दे, अर्ध्या भट्टीकडे कुणी बघत नाही.

"माझ्या जागेत अर्धं काम?" ती म्हणाली. "गावात तोंड दाखवायला नको मला?"

तिने पाला चढवला, माती लिंपली, फावड्याने थापटून गुळगुळीत केली. चुकलं ते इथे. माती चढवलेली भट्टी आमच्यात कुणी तशीच ठेवत नाही. ओल आत उतरते, लाकूड वाया जातं. लिंपली की पेटवायची.

एका सकाळी खालून कुणी बाई शेळीला हाका मारताना ऐकू आली. झडती वर येतेय याची ती खूण होती. मुलं आत शिरली, मी ओंडके लावून त्यांवर नेच्याचा भारा टाकला. दोन जर्मन शिपाई वर आले. वाट दाखवायला ओत्तोरिनो होता, आमच्याच खोऱ्यातला, अंगात फॅसिस्टांचा काळा सदरा. त्याचा बाप आयुष्यभर कोळसा पाडत होता.

त्यांनी झोपडी उलथीपालथी केली, पाल्याच्या ढिगात संगिनी खुपसल्या. काही मिळालं नाही. शिपाई निघाले. ओत्तोरिनो मात्र त्या भट्टीपाशी थांबला.

"काकू, लिंपून ठेवलीत आणि पेटवली नाही?"

"वाऱ्यामुळे थांबलेय."

त्याने बोट ओलं करून हवेत धरलं. "वारा कुठंय?"

"येईल."

"आत्ता तर नाही ना. मग पेटवा. आम्ही बसतो जरा." त्याने शिपायांना खूण केली. ते ओंडक्यावर बसून पाव खाऊ लागले.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाली, "द्युइलिओ, जळत्या भट्टीतले निखारे आण. राख नको, निखारे."

मी पत्र्याची टोपली भरली. ती शिडीने वर चढली, धुराड्याचं तोंड बंद करायला ठेवलेली गवतासकट मातीची ढेपही वर घेतली. धुराड्यावर वाकली, आमच्याकडे पाठ करून. स्कर्ट तिने दोन्ही बाजूंना पसरला होता. खालून मला एवढंच दिसलं, की तिचा खांदा जोरात दाबतोय, परत दाबतोय. मग तिने टोपली ओतली.

पांढरा धूर निघाला. ती ओला पाला टाकत राहिली. ओत्तोरिनो भट्टीभोवती फिरला. मातीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. आतून काही आवाज आला का, मला ऐकू गेलं नाही. वर झेलिंदा खोकायला लागली. थांबेचना. एक शिपाई हसला आणि तिची नक्कल करायला लागला.

"धूर नवा नाही तुम्हाला, काकू," ओत्तोरिनो म्हणाला.

"म्हातारी झाले."

त्याने तळवा काढला, सदऱ्याला पुसला. मग शिपायांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि ते खालच्या वाटेला लागले. त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

ते वळणाआड होईपर्यंत ती पाला टाकत होती. मग उतरली नाही, घसरलीच. आम्ही नेचा फेकला, ओंडके ओढले. तिने ढेप धुराड्यात घट्ट ठासली होती, निखारे वरच अडकले होते. तरी आत धूर झिरपला होता. मुलगा खोकत, ओकत बाहेर आला. ब्लांकाने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता आणि त्याने तो चावून फोडला होता. त्याचे दात तिच्या हातावर उठले होते. झेलिंदा तो हात धरून बसली.

त्याच दुपारी मुलांना वर मेंढपाळांकडे नेलं. युद्ध संपलं तेव्हा दोघं जिवंत होती.

झेलिंदाने पुढे खूप वर्षं कोळसा पाडला. रचायची तीच, लिंपायची तीच. निखारे मात्र मी टाकायचे. त्याआधी ती मला वर चढवून धुराड्यात खांद्यापर्यंत हात घालायला लावायची आणि खाली उभी राहून विचारायची, "काय लागतंय?"

"लाकूड," मी म्हणायचो.

"अजून खाली घाल."

मी घालायचो.