तेउमेरेच्या बरणीचा वास

लहानपणीच्या तापापासून तेउमेरेला वास येत नसे. तरी ताहितीच्या त्या किनाऱ्यावर मासे मुरवायचं फाफारूचं पाणी करावं तर तिनंच. समुद्राच्या पाण्यात कोळंबीची डोकी घालून ती बरणी घट्ट बंद करी. हवेवाचून जगणारे बारीक जीव आत ती डोकी कुजवत. रोज ती झाकण उघडून बघे. दर खेपेला एक दिवस असा येई की नवरा तिहोनी नाक धरून आपली चटई उचली आणि बाहेर जाई.

“कुणाचं मढं कुजवतेस गं? झालं तुझं पाणी.”

मग ती त्यात मासे सोडी.

तिहोनीला पुरल्यावर तिनं नवी बरणी भरली. शेजारी श्वास कोंडून मुकाट्यानं जात. दुःखातल्या बाईला कोण बोलणार? पाणी केव्हाच तयार होऊन नासलं. तेउमेरे अजून रोज झाकण उघडते, त्याआधी तिहोनीची चटई अंथरते.