चांदणीचा रुपया

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, गिरिजाला सांगायचं होतं, ती गेली. आता तुम्हाला लिहून सांगतो — तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच जमतंय बहुतेक.

मी सातवीपर्यंत शिकलो. चेन्नईत बसवर कंडक्टर होतो, सगळी उमर सुट्ट्या नाण्यांत गेली. नाण्यावर साल असतं ना, त्याच्या खाली बघा. बारीक चांदणी असली तर ते हैदराबादच्या टांकसाळीतलं. ठिपका असला तर नोएडाचं. हे गिरिजाला मीच शिकवलं होतं, नव्या लग्नात, फुशारकी मारायला.

आमची एकच मुलगी, मंजुळा. तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि हैदराबादला गेली. मी म्हणालो, तिचं नाव या घरात काढायचं नाही. गिरिजानं नाही काढलं. घरात फोन एकच, तो माझ्या खिशात.

मग गिरिजा चांदणीची नाणी साठवायला लागली. भाजीवालीनं, शेअर ऑटोवाल्यानं परत दिलेल्या सुट्ट्यातून एकेक निवडायची, चिंचेनं घासायची, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची. कशाला, ते मी विचारलं नाही. मला काय कळत नव्हतं? पोरीच्या गावाहून आलेलं काहीतरी हातात धरायचं होतं तिला.

पुढे साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले. सगळे नाही — माणूस दिसायचं, नाण्यावरची चांदणी दिसायची नाही. मग बाजारातून आली की वेलचेरीतल्या आमच्या घराच्या बाल्कनीत मला उजेडाला बसवायची आणि तळहात पुढे करायची.

"अहो, बघा बरं. चांदणी आहे का?"

पहिले काही दिवस खरं सांगितलं. आहे म्हटलं की तिचा चेहरा असा व्हायचा — जाऊ दे. मला तो बघवेना. एक दिवस चांदणी होती, चांगली ठळक, आणि मी म्हणालो, "नाही. ठिपका आहे."

ती म्हणाली, "बरं." तो रुपया दूधवाल्याच्या सुट्ट्या पैशांच्या वाटीत गेला.

एकदाच म्हणालो असतो तर रागात निघालं म्हणता आलं असतं. मी दोन वर्षं म्हणत राहिलो. रोज. आपल्या बायकोच्या तळहातावर बघून.

एकदा हसून म्हणाली, "सगळ्या चांदण्या संपावर गेल्या वाटतं. तुमच्या युनियनचं वारं लागलं त्यांना." मीही हसलो. हसलो मी! त्यानंतर थोड्या दिवसांनी तिनं विचारायचं सोडलं. तिला कळलं होतं का? ठाऊक नाही. बरणी मात्र रोज पुसायची.

गिरिजा गेली तेव्हा मंजुळा आली. वीस वर्षांनी. केस पिकलेत तिचे. तेराव्यानंतर तिनं बरणी ओतली, नाणी सालवार लावली आणि चांदण्या बघून काय ते समजली. खूप रडली. मग म्हणाली, "अप्पा, शेवटच्या वर्षांचं एकही नाही. आईनं का सोडलं?"

मी म्हणालो, "कंटाळली असेल."

कुणाला सांगितलं नाही ते हे. डोळे गेलेल्या बाईला फसवलं ते एक, आणि ती गेल्यावर तिच्याच माथी मारलं ते दुसरं. मंजुळा आज हैदराबादेत बसून समजते की आई आपल्याला विसरली. आई विसरली नव्हती. दोन वर्षं हात पुढे करत होती. नाही म्हणणारा मी होतो. हा कागद तिलाही पाठवतोय. तिनं उत्तर द्यावं म्हणून नाही.

काल भाजीवालीनं सुटे दिले. बाल्कनीत आलो, उजेडाला धरले. एका रुपयावर चांदणी होती.

"आहे," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. बरणीत टाकला.