कांद्याच्या वासाची मंजुरी

मालेगाव ते वाशीम रस्त्यावर माझ्या सासऱ्यांइतका संतापी माणूस दुसरा झाला नाही, आणि होऊ नये. त्यांच्या रागाचा विषय मात्र एकच: बंद खिडकी. पोटची पोर मला दिली त्या मांडवातही त्यांनी माझ्याकडं धड पाहिलं नाही. मागची कनात घट्ट बांधली म्हणून मांडववाल्याशी भांडत उभे होते. एसटीत बसले की आधी दोन्ही बाजूंच्या काचा सरकवायचे, मग तिकीट काढायचे. माघातल्या गारठ्यात कुणी कुरकुरलं तर डोळे वटारून म्हणायचे, "थंडीनं नाक गयते, कोंडल्यानं जीव जाते. बसा गुमान!" आजाऱ्याच्या घरी आधी खिडकी उघडत, नंतर तब्येत विचारत. पहिल्या दिवाळसणाला मला दिलेल्या खोलीचं दार त्यांनी बिजागरीसकट काढून ठेवलं होतं, जावयाला हवा मिळावी म्हणून! आम्ही नवरा-बायकोनं तिथं चार दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

धंदा भाजीपाल्याचा. गावाला लागून मळा आणि मळ्यात कांदे साठवायला कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड घातलेली चाळ. कूड असा विरळ की एका बाजूनं शिरलेला वारा दुसऱ्या बाजूनं निघून जावा. रोज सकाळी भाजीची बैलगाडी मालेगावला घेऊन निघाले की आमच्या शाळेपाशी थांबत. शाळा तेव्हा एका पडवीत भरे, आणि मी तिथला हेडमास्तर. माझी मुलगी तिसरीत होती. तिला लहानपणापासून दमा. पाढे म्हणताना तिचा आवाज रस्त्यावर ऐकू आला की आजोबाला समजे, आज पोरीचा श्वास ठीक आहे. मगच बैल हाकत.

पुढं शाळेला नवी खोली आली. त्या वर्षांत जिकडंतिकडं वीज वाचवायचं वेड होतं, आणि शिक्षण खात्याच्या साहेबांनी आणलेला नकाशाही तसलाच: दीड हात जाडीच्या भिंती आणि हातभर रुंदीच्या चार खिडक्या, त्यांच्या काचा सिमेंटात पक्क्या बसवलेल्या. ऊन आत येणार नाही, पंखा लागणार नाही! खोली खरंच गार होती, खोटं कशाला बोलू? मी ताबापावतीवर मुकाट सही केली, आणि त्या सहीचा राग मला अजून येतो. साठ पोरं आत, दार एकच. ते उघडं ठेवलं तरी वाऱ्याला निघायला वाट नाही. अकरा वाजेपर्यंत पोरांचे डोळे जड, कुणी डोकं धरून बसलेलं, आणि माझी पोर खांदे उचलून उचलून श्वास घेतेय. पडवी तर मालकानं केव्हाच परत घेतलेली. मी अर्ज केला. साहेब म्हणाले, "पोरं झोपतात ती तुमच्या शिकवण्यानं, गुरुजी. हवेचं काय घेऊन बसलात?" पुन्हा अर्ज केला, तर सरकारी भिंतीला हात लावल्यास कारवाई होईल, असं उत्तर आलं. बाहेर बैलगाडी थांबून राहायची आणि त्या भिंतीतून एक अक्षर ऐकू यायचं नाही.

"जवाईबुवा, कागदं काहून रंगवून राह्यले?" सासरे कडाडले. "पोट्टीचा जीव कोंडून राह्यला तिकडं!"

उन्हाळ्याची सुटी लागली तेव्हा खोली झाडून ठेवतो म्हणून त्यांनी किल्ली मागितली. मी दिली. ही माझी दुसरी घोडचूक. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी साहेब तपासणीला आले. सासऱ्यांनी स्वतः कुलूप काढलं, आणि आतून जो भपकारा आला, बाप रे! साहेब नाकाला रुमाल लावून अंगणाच्या पार टोकाला गेले. आत कांद्याचा हा ढीग, काळा पडलेला, पाणी सुटलेला, वर चिलटं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले.

"कांदे हायेत, माहे. अर्धे इथं ठेवले, अर्धे चाळीत. एकाच वावरातले, एकाच दिवशी काढलेले. चाळीतले येऊन पाहा, टणटणीत हायेत. कांद्याले हवा लागते हे आमाले समजते. पोट्ट्याइले लागते हे तुमाले काहून नाई समजत?"

"तुमच्या जावयाला निलंबित करीन!"

"करा ना! पण पयले आत जा, दार लावून घंटाभर बसा, अन् मंग लिहा." सासऱ्यांनी त्यांचा हातच धरला. साहेबांनी तो कसाबसा सोडवला आणि जीप गाठली.

मला खुलाशाची नोटीस आली. तिच्यामागोमाग दुसरा कागद: कांद्याची दुर्गंधी जाण्यासाठी काचा काढून, खिडक्या मोठ्या करून, उघडता येतील अशी झडपं बसवावीत. म्हणजे बघा! साठ पोरांच्या श्वासासाठी जे वर्षभरात झालं नाही, ते कांद्याच्या वासासाठी आठ दिवसांत झालं. तो कागद फाडावा की कपाळाला लावावा ते मला कळेना. सासऱ्यांना वाचून दाखवायला गेलो तर ते कुजके कांदे उकिरड्यावर टाकत होते. वर्षभर खपून काढलेलं अर्धं पीक होतं ते. "चाला, कामी आले," एवढंच म्हणाले.

झडपं बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर थांबली. आत तेराचा पाढा चालला होता. माझी पोर मोठ्यानं म्हणाली, "तेर साते ब्याण्णव!"

"एक्क्याण्णव! एक्क्याण्णव, गधडे!" रस्त्यावरून आरोळी आली. मी बाहेर डोकावलो. म्हातारा रागानं लाल झाला होता आणि उपरण्यानं डोळे पुसत होता. भाजी त्या दिवशी बाजारात उशिरा पोचली.

सासरे गेल्यानंतरही मी बरीच वर्षं त्याच खोलीत शिकवलं. तेराचा पाढा आला की उघडी झडपंही एकदा ढकलून पाहायचो आणि पोरांना रस्त्याकडं तोंड करून म्हणायला लावायचो. तेर सातेपाशी हात वर करून सगळ्यांना थांबवायचो, उगीचच, बाहेरून कुणी ओरडतंय का म्हणून.