पावणं, जाळ कमी करा

धुकं एवढं दाट होतं की बावड्याच्या मळ्यातल्या गुऱ्हाळाचं धुराडं अर्ध्यातच संपल्यासारखं दिसत होतं. केरबा चुलवाणाच्या खड्ड्यात बसून उसाची वाळली चिपाडं जाळात सारत होता. वर काईलीत रस उकळत होता आणि काईलीपाशी रसाची पारख करणारा अण्णासो गुळव्या उभा होता. खड्ड्यातनं काईल दिसत नाही, काईलीपासनं जाळ दिसत नाही. त्यात घाण्याचं डिझेल इंजन कानठळ्या बसवायचं. त्यामुळं सगळं काम वरच्या आरोळीवर.

आरोळी ठरलेली. "आरं ए केऱ्या! मुडद्या, जाळ वढ!" की केरबानं पेटती चिपाडं बाहेर ओढायची. गूळ तयार झाला की दम धरत नाही. त्या घाईत आज्ज्यापणज्याचा उद्धार झाला तरी कुणी मनावर घेत नसे. मिसरूड फुटल्यापासून दोघांचं असंच चाललं होतं आणि गूळ पिवळाधमक निघत होता.

मग वैशाखात केरबाच्या पोरीचं, लीलाचं लगीन झालं. अण्णासोच्याच पोराशी.

हंगाम उघडला तो व्याह्यांचा. काईलीतल्या पहिल्याच आधणाला अण्णासोनं वरनं घसा खाकरला. "पावणं, तेवढा जाळ जरा कमी केलासा तर बरं हुईल म्हंतो."

"व्हय की पावणं. तुमी म्हणशीला तसं," केरबा खालनं म्हणाला.

एवढी आदब संपेपर्यंत गूळ काळा पडला. पुढचं आधणही तसंच गेलं. मग केरबानं आपल्याच मनानं जाळ ओढून बघितला, तर तो फार लवकर ओढला गेला आणि ढेप बसेना.

मळ्याचा मालक आकारामदादा येऊन म्हणाला, "सोयरीक घरात करा. आज करपलं, तर उद्या शिरोळची टोळी आणतो."

केरबा जाळाकडं बघत बसला. व्याह्याला अरेतुरे करावं, तर लीलाला सासरी ऐकून घ्यावं लागणार. न करावं, तर दोन्ही घरचं काम जाणार.

वर रस आटत आल्याचा वास खाली आला.

"पावणं..." अण्णासोनं सुरुवात केली.

"आण्ण्या!" केरबा बोंबलला. "भाड्या, तोंडात पेढा धरलायस व्हय? वढू का न्हाय?"

पोरीच्या बापानं पोराच्या बापाला भाड्या म्हटलं होतं. इंजन तेवढं चालू होतं.

"वढ की मुडद्या!" वरनं आलं. "तुझा आज्जा येणार हाय व्हय वढायला!"

केरबानं ओढला. गूळ पिवळा निघाला.

थोड्या वेळानं अण्णासो खड्ड्याच्या काठाशी येऊन उकिडवा बसला.

"पावणं."

"जी."

"सूनबाईला ह्यातलं काय कळू देऊ नगासा. ती मला देवमाणूस समजती."

"न्हाय की. आन् आमच्या विहीणबाई?"

"तिला कशाला? तिला ठावं हाय मी कसा हाय त्यो."

काईलीत नवा रस पडायला लागला. अण्णासो गुडघ्यावर हात टेकत उठला. केरबानं फावडं उचललं आणि चुलवाणातली राख ओढायला घेतली.